रविवार, साडेआठ, अ.पा.क.सह: एका संडे स्कूलचा वर्षभराचा अनुभव

मागच्या जूनपासून या मेपर्यंत मी माझ्या दोन्ही पोट्ट्यांना उत्तर नागपुरातल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलला नेलं. मोठी नऊ वर्षांची, लहाना पाचचा. हजेरीच्या कार्डावरच्या चांदण्या मोजल्या तर ३८ रविवार भरतात. बाकीचे लग्नांत गेले, तापात गेले आणि दोन-तीन माझ्या आळसात. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, मित्रांत, जो तो विचारतो की पोरांना चर्चमध्ये न्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मंडळीचं नाव देत नाही. खाली एक तक्रार आहे, आणि तिथले पाळकसाहेब माझ्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तीन तास दवाखान्याच्या बाकड्यावर बसले होते.

माझी बाजू आधी सांगतो, म्हणजे कोणत्या तोंडानं बोलून राहिलो ते कळेल. मी एका पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. मी स्वतः सतराव्या वर्षी चर्च सोडलं ते नाताळपुरतं ठेवलं. बायको इंदोऱ्याची, बौद्ध. लग्न आमचं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, रजिस्ट्रारच्या टेबलावर. पोरांचा बाप्तिस्मा झालेला नाही. ‘मोठी झाली की बघू’ असं ठरलं होतं, आणि तसं ठरवून आम्ही दोघं नऊ वर्षं आरामात झोपलो.

सुरुवातही काही फार विचार करून झाली नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला गाडीनं चर्चला न्यायची पाळी माझ्यावर आली. पोरं म्हणाली आम्ही पण येतो. तिला बाकावर बसवून मी बाहेर येऊन मोबाइल पाहत बसायचो. तिसऱ्या रविवारी संडे स्कूलच्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘सलाम’ म्हणाल्या, आणि लगेच, ‘यांना उन्हात काऊन बसवलं? वर्ग चालू आहे ना.’ झालं, नाव लागलं.

व्यवस्था कशी आहे, ते पटकन सांगतो. वर्ग साडेआठ ते साडेनऊ. मग पावणेदहाला मोठी उपासना. पहिली गीतं आणि शास्त्रवाचन मुलं मोठ्यांसोबत बसून ऐकतात, उपदेश सुरू झाला की बाजूच्या हॉलमध्ये जातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) असतं, त्या दिवशी मात्र शेवटपर्यंत आतच. फी नाही. दानार्पणाच्या थैलीत मुलं दहाची नोट टाकतात, लहान्याला नोट टाकण्यापेक्षा थैलीत हात घालण्यातच जास्त रस. हॉलमध्ये दोन पंखे, त्यातला एक फक्त आवाज करतो. कूलर एप्रिलच्या मध्यात लागला आणि त्यातली खस मागच्या वर्षीची होती, वासावरून कळतं. बाथरूम स्वच्छ, पण कडी मुलांच्या हाताला लागत नाही, त्यामुळे कोणीतरी एक बाहेर पहारा देत उभा असतो. पाण्याचा माठ आहे, तो उत्तम.

आता बाईंबद्दल. निवृत्त नर्स आहेत, सत्तरीच्या आसपास. ४० वर्षं हाच वर्ग घेऊन राहिल्या. त्यांच्याकडे कापडी फळा आहे, मागे लोकर चिकटवलेली कागदी चित्रं त्यावर अलगद बसतात: दावीद, गोफण, पाच गुळगुळीत गोटे, एक भलामोठा गल्याथ ज्याचा उजवा पाय कधीचाच हरवला आहे. शेजारीच मंडळीनं घेतलेला ४३ इंची टीव्ही आहे, त्यावर हिंदीत कार्टून लागतात. पोरं टीव्हीसमोर गप्प बसतात. कापडी फळ्यासमोर भांडतात, कारण गल्याथ कोण पाडणार यावरून रोज मारामारी. मी तर फळ्याला मत देईन.

आणि एक गोष्ट मी कोणत्याच क्लासमध्ये पाहिली नाही. स्विमिंगचे महिन्याला आम्ही दीड हजार भरतो. लहान्याला कांजिण्या आल्या तेव्हा तो तिथे तीन आठवडे गेला नाही, कोणाच्या लक्षात आलं नाही, फीचा मेसेज मात्र वेळेवर आला. संडे स्कूलला एक रविवार बुडला आणि सोमवारी बाईंचा फोन. गुरुवारी स्वतः आल्या, पिशवीत संत्री आणि कडुनिंबाचा पाला. माझी बौद्ध बायको त्यांच्यासोबत दीड तास बोलत बसली. विषय येशू नव्हता, कांजिण्यांची खाज होता.

मराठीचा फायदा मला अपेक्षित नव्हता. आमची पोरगी इंग्लिश मीडियमची, मराठी वाचताना जोडाक्षर आलं की गाडी घाटात बंद पडल्यासारखी थांबते. इथे दर आठवड्याला बायबलमधलं एक सुवर्णवचन पाठ करून, मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. वर्षभरात ती ‘परावृत्त’ आणि ‘दीर्घद्वेषी’ असे शब्द अडखळत का होईना, वाचायला लागली. संडे स्कूल ही चीज मुळात याच कामासाठी गाजली. १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रवाल्यानं ती चालवली. पोरं सहा दिवस कामाला जुंपलेली, रविवार तेवढा मोकळा, म्हणून रविवारी अक्षरओळख. आमची पोरं सहा दिवस शाळा आणि ट्यूशनला जुंपलेली आहेत, आणि मायबोलीची अक्षरओळख रविवारी. जवळपास अडीचशे वर्षांत बरीच प्रगती केली आपण.

शब्द शिकली की प्रश्न येतात. एकदा गाडीवरून येताना रस्त्यात एका फायनान्सवाल्याचा बोर्ड दिसला, ‘सोने तारण कर्ज’. मागून आवाज, ‘पप्पा, येशू सोन्याचं पण तारण करतो?’ चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका, आणि मी जन्मभर तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू एवढंच लिहीत आलो. तिला समजावायला गेलो आणि माझ्याच लक्षात आलं, कर्ज फेडायचं, वस्तू सोडवून आणायची, हे सगळं दोन्हीकडे सारखंच आहे. पुढच्या सिग्नलपर्यंत मी गप्प.

पण सगळेच प्रश्न असे गोड नसतात. ऑगस्टमध्ये अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट झाली. देव परीक्षा पाहतो, मुलाचं बलिदान दे म्हणतो, बाप मुलाला घेऊन डोंगरावर जातो, लाकडं मुलाच्याच पाठीवर, वेदीवर बांधतो, सुरा उचलतो, आणि मग देवदूत थांबवतो. मला लहानपणी ही गोष्ट आवडायची, कारण शेवटी झुडपात अडकलेला एडका सापडतो. त्या दिवशी चर्च सुटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे तर्री-पोहा खायला थांबलो. पोरगी तर्रीत बोट बुडवून प्लेटच्या कडेला रेघा ओढत होती. खाऊन राहिली नव्हती. मग म्हणाली, ‘पप्पा, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही न्याल मला?’

मी ‘नाही’ म्हणालो, ताबडतोब. ती म्हणाली, ‘मग तुमचा विश्वास कमी आहे.’ वर्गात विश्वास या शब्दावरच शिकवलं होतं ना. त्या वाक्यानं मला दोन रात्री झोप आली नाही.

पुढच्या रविवारी भांडायच्या तयारीनंच गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, ‘मी ही गोष्ट ४० वर्षं शिकवून राहिली, आणि मलाच ती आवडत नाही. मला तीन पोरं आहेत.’ मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी एक तारा जास्त देतो. त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला, इसहाकाची चित्रं परत फळ्यावर लावली आणि मुलांना विचारलं, या गोष्टीत कोण कोण दिसत नाही? एक म्हणाला गाढव, पण गाढव आहे. एक म्हणाला पोलीस. आमची म्हणाली, ‘त्याची आई. सारेला कोणी विचारलं?’ बाई म्हणाल्या, ‘शास्त्रात लिहिलेलं नाही. मला पण माहीत नाही. तू मोठी झाली की शोध.’ आणि पुढे एवढंच सांगितलं की त्या काळी आजूबाजूचे लोक देवाला पोरं वाहायचे, आणि या गोष्टीत देव सुरा थांबवतो. वर्ग संपला. तर्री-पोहा त्या दिवशी पूर्ण संपला.

‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी लहान असताना कोणत्याच संडे स्कूलमध्ये ऐकलं नाही. ऐकलं असतं तर सतराव्या वर्षी कदाचित सोडलं नसतं. असो.

मोठ्यांची उपासना मुलांसाठी कशी, तर कंटाळवाणी. पण ते काही नवीन दुखणं नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण आहे, पौलाचा उपदेश इतका लांबला की तो खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. खुद्द पौलाचा हा रेकॉर्ड असेल तर आमच्या पाळकसाहेबांचे ३५ मिनिटं माफ. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र नेऊ नका. बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, बाहेर ४२ डिग्री. तिसऱ्या उद्गाराला लहाना बाकाखाली आडवा झाला आणि सातव्यापर्यंत तिथेच होता. आई म्हणाली, झोपू दे, प्रभूलाही तहान लागली होती. त्याचा याच्याशी काय संबंध, ते मी विचारलं नाही.

गीतांचं वेगळं. पेटी आणि तबल्यावर, अभंगाच्या चालीत. नारायण वामन टिळकांची पदं आजही म्हटली जातात, आणि हे टिळक बाप्तिस्म्याआधी काही काळ आमच्याच नागपुरात होते, हे पोरीला सांगितल्यावर तिला वाटलं आपल्या गल्लीत होते. बायको दारात उभी राहून ऐकते. ‘तुमच्या देवाचं माहीत नाही, पण ताल बरोबर आहे,’ हा तिचा अभिप्राय.

कापणीचा सण अजिबात चुकवू नका. लोक घरून भाज्या, तांदूळ, संत्री, एकानं तर जिवंत कोंबडा आणला. उपासना झाली की मैदानात लिलाव. एक भोपळा ४०० ला गेला, घेणाऱ्यानं तो परत दान केला, परत बोली लागली, असा तोच भोपळा तीनदा विकून मंडळीला ११०० रुपये मिळाले. आमची पोरगी कोंबड्यावर बोली लावत सुटली. तिच्या खिशात ५० रुपये आणि तोंडात साडेतीनशे. मी वेळेत हात धरला. घरी येताना तिनं मला विचारलं की एकच वस्तू तीनदा विकणं हे पतसंस्थेत चालतं का. चालत नाही, पोलीस येतात.

सासऱ्यांचा विषय सोडता येणार नाही. रेल्वेतून निवृत्त, दर पौर्णिमेला विहारात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला बसवलं. ‘जावईबापू, बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १९५६ ला, इथे, आपल्या दीक्षाभूमीवर. एकवीस वर्षं अभ्यास केला त्या माणसानं. वय पासष्ट. आणि तुम्ही नऊ वर्षांच्या पोरीला गाणी पाठ करून देऊन राहिले.’

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. बायको आतून आली, हात कणकेचे. ‘बाबा, मी पाच वर्षांची होती तेव्हा तुम्ही मला खांद्यावर बसवून दीक्षाभूमीला नेलं. त्रिशरण मला कोणी शिकवलं? मला कोणी विचारलं होतं?’

‘ते वेगळं,’ सासरे म्हणाले. मग बराच वेळ पेपर वाचला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाले, ‘मग रविवारी संध्याकाळी विहारात पण पाठवा.’ तेव्हापासून सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. पोरीच्या मते विहारात खीर चांगली आणि चर्चमध्ये गाणी.

आता तक्रार. मे महिन्यात सुट्टीत व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) झालं, सहा दिवस, सकाळी साडेसात ते साडेदहा, टोपी आणि टी-शर्टचे १०० रुपये. पाच दिवस मस्त: क्राफ्ट, नाटुकलं, रसना. शिकवायला बाहेरगावची टीम आली होती, बाईंना मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. शेवटच्या दिवशी हॉलचे दिवे बंद केले, कीबोर्डवर हळू सूर, डोळे मिटा, ज्यांना नरकात जायचं नाही त्यांनी हात वर करा. मग हात वर केलेल्यांना एक कार्ड: ‘मी आज येशूला माझा तारणारा म्हणून स्वीकारतो/स्वीकारते.’ खाली नाव, वय, पालकांचा मोबाइल नंबर, सही. पोरीनं सही केली. गाडीवर मला म्हणाली, ‘मैत्रिणीनं हात वर केला म्हणून मी पण केला. पप्पा, आता काय होईल?’ संध्याकाळपर्यंत माझा नंबर दोन प्रार्थनेच्या ग्रुपांत होता.

मी सहीची भाकर खाणारा माणूस आहे, मला हे झोंबलं. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्याच्या सहीनं करार होत नाही. बचत खातं दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायला देतात, पण कर्ज नाही, जामीन नाही. कागदावर त्याचं नाव ‘अज्ञान’ म्हणून लागतं आणि पुढे अ.पा.क., अज्ञान पालक कर्ता, म्हणून मोठ्याची सही. सरकारमान्य शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं तर राज्यघटनेचं २८ वं कलम पालकांची संमती मागतं. चर्चच्या हॉलला ते कलम लागत नाही, मला कळतं. पण दहा हजारांच्या कर्जाला जी पोर सही करू शकत नाही, तिच्याकडून दिवे बंद करून अनंतकाळच्या जीवनावर सही घ्यायची?

हेच मी पाळकसाहेबांना जाऊन म्हणालो, आवाज चढला होता. आणि हेही म्हणालो की तुमच्याच परंपरेत याचं उत्तर आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि कळत्या वयाआधी देऊच नये म्हणणारे बॅप्टिस्टही होते. त्यांनी दोन्ही रिती ठेवल्या. तान्हेपणी झाला असेल तर पुढे दृढीकरणाच्या वेळी त्यानं स्वतःच्या तोंडानं कबुली द्यायची. म्हणजे अज्ञानाचं खातं सज्ञान झाल्यावर नव्यानं सही करून घेतात, अगदी तसंच. घाई कोणाला आहे?

पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. कपाटातून फाइल काढली, कार्ड शोधून माझ्या हातात दिलं. पुढच्या वर्षी कार्ड राहणार नाही असं म्हणाले, समितीचं मात्र सांगता येत नाही असंही म्हणाले. ग्रुपमधून मी स्वतःच बाहेर पडलो. कार्ड पोरीला दिलं. तिनं ते फाडलं नाही, कंपासपेटीत ठेवलंय. तिची वस्तू, तिनं ठरवावं.

तर, न्यावं का? आमच्या समाजात बायबलच्या नीतिसूत्रांतलं २२:६ सगळ्यांना पाठ असतं, मुलाला शिकवलं तर तो म्हातारपणीही परावृत्त होणार नाही, म्हणून सगळे आईबाप त्याच्या शेवटाकडे डोळे लावून बसतात. सुरुवातीचे शब्द कोणी वाचत नाही: ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप’. माझ्या लहान्याची स्थिती बाकाखाली झोपण्याची आहे, मोठीची सारेबद्दल विचारण्याची. जिथे दोन्ही चालतं तिथे न्या. येशूलाही त्याचे आईबाप दरवर्षी यरुशलेमेला न्यायचेच की. बाराव्या वर्षी तो तिथे हरवला, तीन दिवसांनी सापडला तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत होता. त्याला कोणी कार्ड दिलं नव्हतं.

आणि गेटवर सोडून जाऊ नका. अर्धे पालक तेच करतात, पोरांना उतरवून पोहे खायला. मीही सुरुवातीला तेच केलं. वर्गात मागे बसलात तर पोरीनं काय ऐकलं ते तुम्हाला माहीत असेल, आणि तर्रीत बोट बुडवून ती काही विचारेल तेव्हा निदान गोष्ट तरी ठाऊक असेल. अ.पा.क.ची सही घरी बसून होत नाही.

बाईंना पाच तारे. कापडी फळ्याला साडेचार, गल्याथाचा पाय सापडला तर पाच. पंख्याला एक. व्हीबीएसला पाच दिवसांचे चार आणि सहाव्या दिवसाचा शून्य. एकूण साडेतीन.

नवे वर्ग जूनच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतात, नाव बाईंकडेच लिहायचं, आधार कार्ड वगैरे काही लागत नाही. गेटाला लागून जांभळाचं झाड आहे. सावली बघून तुम्ही गाडी तिथेच लावाल. जूनमध्ये लावू नका. माझ्या ॲक्टिव्हाच्या सीटवरचा मागच्या वर्षीचा डाग अजून निघाला नाही.